मळकट स्पंज

"बाई, जगातले सगळे जंतू एका झटक्यात मेले, तर किती मज्जा ना?"

मैत्रिणींनी पैजच लावली होती, विचारून दाखव! भिंगरीने विचारलं. वर्ग खो खो हसला. विज्ञानाच्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"मज्जा येईल असं कोण म्हणालं?"

"आई!" आणि मग भिंगरीला थांबवेचना. घराच्या खिडक्या कायम बंद. फिनेलच्या वासाने डोकं उठतं. तळ्यावरच्या सहलीचं नाव काढायची सोय नाही, तिथे चिखल असतो! माशांच्या टाकीतले खडे, पाणी गाळणारा स्पंज, सगळं दर रविवारी साबणाच्या कढत पाण्यात. "पाणी अगदी आरशासारखं आहे, बाई. तरी मासे जातातच. आता एकच उरलाय. वर येऊन नुसता आ वासतो." मग हळूच म्हणाली, "त्याच्याकडे बघून मीच गुदमरते."

"अगं, माशाची घाण पाण्यात विरघळते, डोळ्यांना दिसत नाही. ती पचवणारे जंतू त्या स्पंजात राहतात. आईने माशाचे शेजारीच मारून टाकले!"

बाईंनी शाळेच्या टाकीतला एक मळकट स्पंज पिशवीत पाण्यासकट घालून दिला.

"ई! ही घाण माझ्या घरात?" आई दारातच आडवी आली. "आधी बाहेर टाक!"

"आई सांगते ते ऐक," बाबा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले.

एरवी भिंगरी गप्प बसली असती. आज नाही! "आई, तू मला जपतेस, तसंच त्या माशालाही जपलंस. बघ ना त्याच्याकडे!"

आईने वाकून पाहिलं. काचेआड ते इवलं तोंड उघडत होतं, मिटत होतं. बाईंनी सांगितलेलं सगळं भिंगरीकडून ऐकल्यावर तिचा आवाज खाली आला. "म्हणजे बाकीचे... माझ्यामुळे?" मग ती बाबांकडे वळली, "अहो, बघताय काय? बादली आणा!"

थोडं पाणी बदललं. स्पंज आत गेला. रोज थोडं पाणी बदलत राहिले. एका सकाळी मासा तळाशी खडे चोखत फिरताना दिसला, आणि आईने अडकलेली खिडकी दोन्ही हातांनी ढकलली. केवढी करकरली ती!

दोस्तांनो, हात जरूर धुवा. पण कुठलाच जीव एकटा जगत नाही. न दिसणारे कितीतरी जीव त्याला जगवत असतात. त्यांना पुसून काढलं, की चकचकीत काचेआड आपणच उरतो, आ वासून!

वारा आत आला. भिंगरी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आई, बाबा, मी तळ्यावर जाणार. चिखलात उतरणार. आल्यावर हात धुईन, साबणाने! पण ही खिडकी आता बंद करायची नाही."