झिजलेली नखं

"बाई, आधी ती तुमची लाडकी उचला तिथून!" सुपरवायझर शेडच्या दारातूनच ओरडला. "पाहुणे फाटकाशी आलेत. माझी नोकरी घालवता काय?"

लाडकी कोंबडी पिंजऱ्यांच्या ओळीखाली विष्ठेच्या ढिगात काहीतरी उकरत होती. कोंबड्या पिंजऱ्यांत भरण्याच्या दिवशी ती कुणाच्या तरी हातून निसटली आणि नंतर कुणी तिच्या मागे लागलं नाही. शेडमध्ये अशा एखादीला 'खालची' म्हणतात. वरच्यांना पंख पसरायला जागा नाही, ही मात्र मालकीणबाईंसारखी हिंडायची. बाई झाडायला लागल्या की पायात पायात यायची. बाईंनी 'भटके' म्हणावं आणि तिने मान वाकडी करून बघावं, एवढंच दोघींचं बोलणं. पण गुडघे कुरकुरायला लागल्यापासून बाई कामावर येत होत्या त्या बऱ्याचशा तिच्यासाठीच. हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. त्याने खुळ्यात काढलं असतं.

कोंबड्या आता थकल्या होत्या, अंडी कमी झाली होती. उद्या गाडी येऊन सगळ्यांना कापायला नेणार होती. "खालची तेवढी तुम्ही घरी न्या," सुपरवायझरने शब्द दिला होता. "एकच. आणि बोभाटा नको."

बाईंनी भटकीला उचललं आणि पंख्याखालच्या पिंजऱ्यात ढकललं. पाहुणे गेले की काढू, असा सरळ हिशेब.

पाहुणे मोठ्या दुकानाचे होते. हल्ली गिऱ्हाईक अंड्यांचा खोका हातात घेऊन विचारतं म्हणे, कोंबडी राहते कशी? खोक्यावर तर हिरवंगार गवत आणि त्यात डौलात चाललेली कोंबडी. म्हणून सकाळपासून एकच धांदल होती. दाराजवळच्या पिंजऱ्यांतल्या कोंबड्या काढायच्या आणि मागच्या पिंजऱ्यांत दाटीवाटीने भरायच्या. पुढे कसं ऐसपैस दिसलं पाहिजे.

पाहुण्यांतली एकजण बोलायला थांबली. तोंडावर मास्क होता, पण डोळे मायाळू होते. "मावशी, बऱ्या असतात ना हो इथे कोंबड्या?"

तिच्या खांद्यामागून सुपरवायझर बघत होता.

"बऱ्या असतात," बाई म्हणाल्या.

तिला हायसं वाटलेलं स्पष्ट दिसलं. बिचारी मनापासून विचारत होती, म्हणून बाईंना जास्त लाज वाटली.

पाहुणे गेल्यावर बाई पंख्याखाली आल्या. पिंजऱ्यात मोजक्या कोंबड्या ऐटीत बसल्या होत्या. भटकी नव्हती.

"इथल्या कुठे गेल्या?"

"मागे टाकल्या," कुणीतरी म्हणालं. "गर्दी दिसत होती ना."

मागे सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांच्या चोची छाटलेल्या. बाईंनी हळूच हाक मारली, "भटके." अख्ख्या ओळीने माना वाकड्या करून बघितलं.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. गाडी एक दिवस आधीच आली होती.

एक खूण उरली होती. पिंजऱ्यातल्या कोंबडीला उकरायला माती नाही, त्यामुळे नखं वाढत जातात आणि वाकडी होतात. भटकीची झिजून आखूड झालेली. बाई गाडीच्या फळीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पकडणारे दोन्ही मुठींत पाय धरून उलट्या लटकवलेल्या कोंबड्या आणत होते आणि बाई नुसते पाय बघत होत्या.

"मावशी, बाजूला व्हा की! लागेल कुठेतरी," लांब्या म्हणाला. सगळ्या पकडणाऱ्यांत तोच उंच. "शोधताय काय?"

"नखं."

तो हसला. मग त्याने बाईंचं तोंड बघितलं आणि हसायचा थांबला. त्यानंतर प्रत्येक खेपेला तो त्यांच्यासमोर क्षणभर मुठी धरायचा. बाई मान हलवायच्या, तो पुढे जायचा. पण गाडीच्या दुसऱ्या बाजूनेही भरणं चालूच होतं.

ऊन कललं. शेवटचा क्रेट भरत आला तेव्हा लांब्याने एक कोंबडी सरळ बाईंच्या हातांत दिली. "ही बघा बरं. हीच असेल."

नखं लांबलचक, आत वळलेली. छातीवर पिसं नव्हती, आणि त्या उघड्या कातडीखाली धडधड चालली होती. 'ही नव्हे' असं बाईंच्या ओठांवर आलं. लांब्या क्रेटचं झाकण उघडं धरून उभा होता. ही नव्हे म्हटलं की ही आत जाणार.

"हीच ती," बाई म्हणाल्या.

दर आठवड्याला कामगारांना तडकलेली अंडी फुकट मिळत. बाईंची पिशवी खुंटीला भरून तयार होती. ती तशीच ठेवून त्या निघाल्या.

"अंडी कुठायत?" नवऱ्याने विचारलं. मग त्याला पदराखालची कोंबडी दिसली. "आणि हे काय आणलंस?"

"अंडी नाही आणली. यापुढे नाही आणायची."

"मग काय, दुकानातून विकत आणू?"

"मी नाही खाणार. तुम्हाला हवीत तर आणा. खोक्यावरच्या गवताला भुलून मात्र आणू नका."

नवरा आत गेला आणि ताटलीत पाणी घेऊन आला.

मागच्या दारी बाईंनी कोंबडीला मातीत ठेवलं. ती ठेवली तिथेच उभी राहिली. पाऊल टाकायचं तिला ठाऊकच नसावं. बाई कण्हत खाली बसल्या, तिला मांडीवर घेतलं आणि नवऱ्याच्या नेलकटरने एकेक नख बेताने कापू लागल्या. कापून झाल्यावर पुन्हा मातीत सोडलं. कोंबडीने एक पाय उचलला, बराच वेळ तसाच धरला आणि होता तिथेच ठेवला.

'भटके' असं बाईंच्या तोंडात आलंच होतं. त्यांनी ते गिळलं. ते नाव दुसरीचं होतं.