तिसरा गिअर

मिशनचा साहेब विलायतेला परतताना आपली गाडी मला देऊन गेला. मी त्याचा ड्रायव्हर, मेकॅनिक, सगळंच. तरुणपणी त्यानं ती शर्यतीत पळवलेली. आठ सिलिंडरचं इंजिन, भल्याभल्या मोटारींना धूळ चारायची. फक्त तिसरा गिअर सुटायचा. चढाला जोर लागला की दांडा खटकन न्यूट्रलला यायचा. खड्ड्यांच्या रस्त्यावर माझे दोन्ही हात स्टिअरिंगला गुंतलेले, म्हणून माझी बायको राहेल शेजारी बसून तो दाबून धरायची. ती शिरूरच्या मिशन दवाखान्यात सुईण होती. अवघड बाळंतिणींना दौंडच्या सर्जनकडं न्यायला हीच गाडी.

"आवो, त्यो दुसरा गिअरबॉक्स बसवा की आता," ती म्हणायची. नगरच्या लष्करी लिलावात घेतलेला चार गिअरचा बॉक्स दोन वर्षं पोत्याखाली पडून होता. बसवायचा तर मागच्या चाकांकडं जाणारा लांब शाफ्ट कापून आखूड करायचा, मागच्या आसावरचं डिफरन्शिअल बदलायचं, महिनाभर गाडी उभी. मी "बघू" म्हणायचो. खरं सांगतो, ती शेजारी बसायची ते मला आवडायचं.

अठ्ठावन्न सालच्या मार्चात कारेगावची पुतळाबाई बाळंत झाली आणि रक्त थांबेना. नवरा दौंडला रेल्वेत कामाला. पोर सासूपाशी ठेवून आम्ही तिला मागच्या सीटवर निजवलं. रक्त थांबावं म्हणून राहेल काठावर बसून तिचं पोट दोन्ही हातांनी दाबत होती. न्हावऱ्यापर्यंत मी सेकंडमध्येच गाडी रेटली. मग माझं डोकं फिरलं. एवढं इंजिन आणि ही बैलगाडीची चाल!

"रक्त थांबलंय का?"

"थांबल्यावानी वाटतंय, पर..."

"मग फुडं ये. गिअर धर."

"तिला सोडून?"

"लवकर पोचू. ये म्हणतो न्हवं!"

पुतळाबाईनं तिचा पदर धरला. "बाई, माज्याजवळ बसा." राहेलनं तो अलगद सोडवला.

गाडी पळाली. खोटं कशाला बोलू, झकास पळाली. भीमा दिसायला लागली तेव्हा मागचं कण्हणं थांबलं होतं. मला वाटलं, डोळा लागला असेल. राहेलनं वळून पाहिलं आणि दांड्यावरचा हात काढला. गिअर सुटला. इंजिन नुसतं ओरडत राहिलं. सीटवरून रक्त खाली सांडलं होतं.

"दाबून धराय पायजे हुतं," राहेल एवढंच म्हणाली.

मला रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पोतं उचललं. सव्वीस दिवस गाडीखाली होतो. चर्चचे पाळक धीर द्यायला आले, त्यांना म्हटलं, हा जॅक तेवढा धरा. ते बिचारे धरून उभे राहिले. शाफ्टला वेल्डिंग करताना मनगट भाजलं, तेही रात्री जेवताना कळलं. राहेल ताट वाढायची, मी जेवायचो. जेवणाची चव कशी होती ते विचारू नका.

एप्रिलात गाडी जॅकवरून उतरवली. "चल, दौंडला जाऊन येऊ," मी राहेलला म्हणालो आणि पुढचं दार उघडलं. ती मागं जाऊन बसली. मी पुढचं दार लावून घेतलं.

न्हावऱ्याच्या पुढच्या चढाला मी तिसरा टाकला आणि हात काढून घेतला. दांडा जागचा हलला नाही. सगळं अगदी माझ्या मनासारखं जमलं होतं. गिअर बसला की जिवाला जरा बरं वाटेल, असं महिनाभर धरून चाललो होतो. तसलं काही झालं नाही.

"आता सुटत न्हाई गं," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली.

मी आरशात पाहिलं. ती सीटच्या अगदी काठावर बसली होती, एक माणूस आडवं होईल एवढी जागा सोडून. त्या रिकाम्या जागेवर तिनं दोन्ही हात दाबून धरले होते. दौंड येईपर्यंत तिनं ते काढले नाहीत.