धनी नसताना बसलेली सभा

चिमणाबाईनं ग्रामसेवकाच्या मोटारसायकलची किल्ली काढून घेतली, पदराच्या टोकाला गाठ मारून तीत बांधली आणि पदर कमरेला घट्ट खोचला.

"अहो सरपंचबाई, हा काय पोरखेळ?" भाऊसाहेब म्हणाले. ग्रामसेवकाला सगळं करवंदमाळ भाऊसाहेबच म्हणे. हजेरीचं रजिस्टर त्यांनी पिशवीत घातलं होतं, पिशवी हँडलला अडकवली होती, किक मारायची तेवढी राहिली होती. "द्या ती किल्ली. मला तालुक्याला, पेठला पोचायचंय."

"सभा झाल्यावर जा."

"कुठंय सभा? तुम्ही, मी आणि ती कुत्री. कुत्रीचा अंगठा घेऊ का?"

पंचायतीच्या ओसरीवर सतरंजी अंथरलेली होती, पाण्याचा हंडा भरलेला होता, टेबलावर धुतलेलं फडकं होतं आणि माणूस एक नव्हता. सकाळी शाळेत एक मेचा झेंडा लागला तेव्हा निम्मं गाव हजर होतं. झेंड्याला हात जोडले, पोरांच्या हातावरचा खाऊ चाखला आणि सभेचं नाव निघताच एकेक करून सगळे पांगले. कुणी भाताच्या रोपासाठी राब भाजायला गेलं, कुणाची शेळी हरवली. चिमणाबाईला सगळं कळत होतं. ही शेळी-बिळी काही नव्हती. ही दिल्लीची भानगड होती.

दोन आठवड्यांपूर्वी पुंजाबाबांच्या रेडिओनं सांगितलं, दिल्लीतलं सरकार पडलं. एका मतानं पडलं. मग लोकसभाही मोडली. पुंजाबाबांच्या घराण्यात पूर्वी गावाची पाटीलकी होती. आता कागदावर काही नव्हतं, पण गाव अजून त्यांच्या तोंडाकडे बघायचं. त्यांनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, धनी गेला. गादी सुनी झाली. अशा वेळी पंच बसत नाहीत. झालं! एवढ्या शब्दावर गावानं मान डोलावली. जसं दिल्लीत कुणी मेलंच आहे आणि करवंदमाळला सुतक लागलंय.

आणि भाऊसाहेबांच्या ते पथ्यावरच पडलं होतं.

"मी तरी काय करू?" ते आता समजुतीनं बोलत होते. "शंभर माणसं लागतात, तेव्हा सभा. नाहीतर तहकूब. पुढच्या आठवड्यात घेऊ."

"आन् ते कागद? पाच तारखेचं?"

भाऊसाहेबांनी घाम पुसला. कागद त्यांनीच वाचून दाखवला होता. गावामागची टेकडी खडीच्या खाणीला द्यायची होती, नाशिककडच्या कुणा ठेकेदाराला. पाच तारखेपर्यंत ग्रामसभेचा ठराव पोचला नाही, तर गावाची हरकत नाही असं समजलं जाणार होतं. टेकडीच्या पायाशी उंबराचा झिरा होता. मे महिन्यात पाच पाड्यांत तेवढंच पाणी. मागल्या साली पलीकडच्या डोंगरात सुरुंग लागले आणि तिथली विहीर आठ दिवसांत कोरडी पडली. तिथल्या बाया आता करवंदमाळच्या झिऱ्यावर येतात, आणि चिमणाबाईच त्यांना म्हणते, आधी तुम्ही भरा, तुम्हाला लांब जायचंय.

"एक तास थांबा, भाऊसाहेब," ती म्हणाली. "नाय जमली शंभर, तर किल्ली मी माझ्या हातानं लावून देते."

"आणि जमली तर?"

"तर लिहायचं. जे गाव बोलंल ते. काना-मात्रा नाय बदलायचा."

ती तडक पुंजाबाबांच्या घराकडे निघाली. सरपंच होऊन तीन वर्षं झाली, बाईची राखीव जागा म्हणून झाली, आणि या तीन वर्षांत पुंजाबाबा एकदाही तिच्या सभेत बसले नव्हते. तिला सरपंच म्हणणं तर सोडाच, नावानंही हाक मारत नसत. गोटीरामची बायको, एवढंच. गोटीराम तिकडे सातपूरला कारखान्यात माल चढवायच्या कामावर, दोन महिन्यांतून एकदा यायचा. पण इथं गावात बायको त्याचीच.

वाटेत जाऊबाई भागीबाई भेटली आणि काही न विचारता बरोबर चालू लागली. भागीबाईचं असंच. भांडण दिसलं की तिचे पाय वळायचे.

पुंजाबाबा ओट्यावर रेडिओ पुढ्यात घेऊन बसले होते.

"बाबा, सभेला चला."

"कशाची सभा? धनी नसताना पंच बसत नाय, गोटीरामच्या बायको. माझा बाप गेला तवा गावात दोन भावांचं बांधावरून डोकं फुटलं होतं. तरी पंच बसलं नाय. भांडण तसंच झाकून ठेवलं. रीत हाय ती."

"तेरावं तर परवाच झालं की, बाबा," भागीबाई म्हणाली. "मी मोजलंय. सतरा तारखेला सरकार पडलं, तवापासनं."

"तेराव्यानं नाय सुटत. नव्याला पागोटं बांधल्यावर सुटतं."

चिमणाबाई भांडायच्या तयारीनं आली होती. शब्द जिभेवर होते, चांगले तिखट. पण पागोटं म्हटल्यावर तिला काहीतरी आठवलं. ती नवी सून होती तेव्हा. उंबराखाली गर्दी, आणि बायांना लांबूनच बघायची मुभा. ती ओट्याखाली जमिनीवरच बसली.

"बाबा, तुम्हाला पागोटं कुणी बांधलं?"

"गावानं."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? उंबराखाली. झिऱ्यापाशी."

"उभ्या उभ्या?"

"उभ्यानं कसं बांधतील? सगळं गाव रीतसर बस..." पुंजाबाबा थांबले.

चिमणाबाईनं भागीबाईच्या पायावर हात ठेवला, कारण भागीबाई बोलणार होती.

"गाव बसलं होतं," पुंजाबाबा हळू म्हणाले.

"म्हंजे धनी नव्हता तरी गाव बसलं. बसलं म्हणून तर धनी झाला." ती ओट्याजवळ सरकली. "दिल्लीला पागोटं कोण बांधणार, बाबा? तुमचा रेडिओ काय म्हणतो?"

"निवडणूक म्हणतो."

"निवडणूक म्हंजे आपणच ना? तुम्ही, मी, ही भागीबाई. आपण उठून गेलो तर त्यांना धनी कुठून मिळायचा? आन् झिरा आटला तर तुमची ती गादी कुठं मांडायची, कोरड्या दगडावर?"

पुंजाबाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग बटण फिरवून रेडिओ बंद केला, काठी घेतली आणि ओट्यावरून उतरले. दोघी मागोमाग. म्हातारा पंचायतीकडे वळलाच नाही. तो गावाबाहेरच्या उंच खडकावर चढला, कानावर हात ठेवला आणि हाळी दिली.

"गाव बसतंय हो! गाव बसतंय!"

अशी हाळी करवंदमाळमध्ये कैक वर्षांत कुणी ऐकली नव्हती. राबाचा धूर उठत होता तिथून माणसं सरळ झाली. पलीकडच्या उतारावरून कुणीतरी ओ दिली. मग दुसऱ्यानं. हरवलेल्या शेळ्या एकदम सापडल्या. हातापायांना राख लागलेली माणसं बांधाबांधानं उतरू लागली, बाया डोक्यावरचे हंडे तसेच घेऊन आल्या, आणि भाऊसाहेबांनी पिशवीतून रजिस्टर बाहेर काढलं. त्यांना काढावंच लागलं.

अंगठे सुरू झाले. शाईची डबी कोरडी पडली, तर भागीबाईनं तीत पाणी ओतलं आणि भाऊसाहेबांच्या शिव्या खाल्ल्या. चाळीस झाले. साठ झाले. पण निम्मं गाव अजून नाशिककडे कामावरच होतं, कुणी द्राक्षबागेत, कुणी बांधकामावर. ऐंशीनंतर माणसं थेंब थेंब यायला लागली. पाड्यावरचा वाळू आपल्या रुसलेल्या भावाला बखोट धरून घेऊन आला. कुसाबाई वर्षभर अंथरुणाला खिळलेली; चौघांनी तिची बाज उचलून आणली, तर ती बाजेवरूनच ओरडली, "माझा अंगठा आधी घ्या, मी काय बसून राहणाराय का!" सगळी ओसरी हसली. शेवटी पुंजाबाबा आले, पायरीवर वहाणा काढल्या आणि तीन वर्षांत पहिल्यांदा सतरंजीवर मांडी घातली.

भाऊसाहेबांनी मोजलं. परत मोजलं.

"नव्व्याण्णव."

चिमणाबाईनं स्वतः मोजलं. बोट नाचवत, ओळीनं, जशी ती लग्नात पंगत मोजायची तशी. नव्व्याण्णवच. पुन्हा मोजलं. कुणीतरी रस्त्याकडे पळत जाऊन बघून आलं, रस्ता रिकामा. भागीबाई म्हणाली, माझ्या सुनेच्या पोटात एक आहे, ते धरा. भाऊसाहेब हसलेसुद्धा नाहीत. त्यांनाही आता वाईट वाटत होतं, हे तिला दिसत होतं. मघाचे ते भाऊसाहेब राहिले नव्हते.

"दिल्लीतही एकच कमी पडलं, बाई," ते म्हणाले. "कायदा आहे. माझ्या हातात नाही."

चिमणाबाईनं पदराची गाठ चाचपली. शब्द दिला होता. तिनं गाठ सोडायला घेतली. नव्व्याण्णव माणसं चुलीवरचं, रानातलं टाकून आली आणि तिला एक जमवता आलं नाही. ती स्वतःवरच चिडली.

"भाऊसाहेब." पुंजाबाबा बसल्या जागेवरूनच बोलले. "गोटीरामच्या..." ते थांबले. घसा खाकरला. "चिमणाबाईला धरलं का?"

भाऊसाहेबांनी रजिस्टरवरून बोट फिरवलं. "त्या अध्यक्ष आहेत. त्यांची सही शेवटी, ठरावाखाली."

"ते वर-खाली तुमचं तुम्ही बघा. मी काय विचारतो, ही गावातली हाय का नाय? यादीत नाव हाय का नाय?"

भाऊसाहेबांनी मतदार यादी काढली. पानं उलटली. सगळं गाव त्या पानांकडे बघत होतं.

"आहे," ते म्हणाले.

"मग माणसात धरा तिला."

कुसाबाई बाजेवरून किंचाळली, "अगं बया, शंभर!" आणि जो काही गलका उठला! वाळूनं भावाला मिठी मारली. बाया चिमणाबाईच्या अंगावर कोसळल्या. तिला हसू येत होतं आणि रडू येत होतं. कित्येक वर्षं तिनं भाकरी मोजल्या होत्या, पंगती मोजल्या होत्या, स्वतःला कधी धरलंच नव्हतं. आजही नाही. तिनं अंगठा पुढे केला नाही. पेन घेतला आणि शंभराव्या रकान्यात सही केली, सावकाश, पाटीवर गिरवून शिकली होती तशी.

ठरावाला फार वेळ लागला नाही. टेकडी द्यायची नाही. हात वर आले, बाजेवरचाही. भाऊसाहेबांनी शब्दाला शब्द लिहिला आणि वाचून दाखवला. म्हणाले, उद्या रविवार, पण सोमवारी सकाळी मी स्वतः पेठला पोचवून पोच घेतो. तेव्हा चिमणाबाईनं गाठ सोडली आणि किल्ली टेबलावर ठेवली. माणसं उठायला लागली.

"थांबा," पुंजाबाबा म्हणाले. "दिल्लीला नको का कळवायला?"

"काय कळवायचं, बाबा?"

"की इथं गाव बसलंय. ते तिकडं घाबरं झालं असतील. धनी नाय, गादी सुनी. त्यांना कळू द्या, खालचं सगळं जाग्यावर हाय."

कुणी हसलं नाही. भाऊसाहेबांनी पिशवीतून एक पोस्टकार्ड काढलं. पत्ता काय घालायचा यावर थोडी चर्चा झाली आणि लोकसभा, दिल्ली, एवढंच पुरे असं ठरलं. चिमणाबाईनं सांगितलं आणि भाऊसाहेबांनी लिहिलं: आमची ग्रामसभा आज एक मे रोजी रीतसर भरली. तुमचं बसेपर्यंत आमचं चालू आहे. काळजी करू नये.

"खाली हजर किती लिहू?" भाऊसाहेबांनी विचारलं.

चिमणाबाई बोलायला गेली, पण पुंजाबाबा पायरीवर वहाणा शोधत होते, तिथूनच म्हणाले, "शंभर लिहा. सरपंचबाईला धरून."