कानपिळीचा मान

परदेशी गेलेल्या माणसाला घरच्यांची काळजी फार. नवीनला तर इतकी, की नेदरलँडात बसून तो अनसिंगच्या घरातल्या फोडणीवर लक्ष ठेवायचा. दर रविवारी व्हिडिओ कॉल. बाबूलाल धुतलेला सदरा घालून मोबाइलसमोर बसत, गोमतीबाई पदर सारखा करत, आणि मग साहेब उगवत. "माय, तेल कमी टाकत जा. बाबा, रोज जरा चालत जा." बाबूलालचा जन्म बांधावरून चालण्यात गेला होता. तरी ते शहाण्या मुलासारखी मान हलवत.

धाकटी चंदा मागे उभी राहून तोंड वाकडं करायची. "चार वर्षांत घरचा उंबरा नाही ओलांडला, अन् फोडणी शिकवते," असं ती म्हणाली की माय डोळे वटारायची.

पण खोटं कशाला बोला, त्याची वाट सगळ्यांत जास्त तीच पाहत होती. तिचं लग्न मानोऱ्याच्या शिवमशी ठरलं होतं. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून दम भरतो, आणि नवरदेव त्याला कपडे करतो. खेळच तो, पण त्या घडीला सारा मांडव भावाकडे पाहतो. तिच्या मागे कोण उभं आहे, ते लोकांना कळतं. "माहा दादा येऊन राह्यला," चंदानं शिवमला फोनवर बजावलं होतं, "कान सांभाळा."

तिला खात्री वाटायला कारणही होतं. मुहूर्त आधी गुरुवारचा निघाला होता. नवीन म्हणाला, "गुरुवारी नाही जमत. रविवार धरा, रविवारी मी मोकळा असतो." झालं! घरात आनंदीआनंद. बाबूलाल मानोऱ्याला जाऊन व्याह्यांच्या हातापाया पडले, हॉल बदलला, गुरुजींनी खटपट करून भर मे महिन्यातला रविवार काढून दिला. मायनं त्याची गादी उन्हात टाकली.

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा बाबूलालनं विचारलं, "वाशीमले गाडी कधी आणू, बेटा?"

"गाडी कायले?" नवीन म्हणाला. "बाबा, मी लाइव्ह पाहायले मोकळा आहो. तिकडं यायले सुट्टी कुठी आहे?"

चंदानं मोबाइल ओढून घेतला. मार्चमध्येच हा गृहस्थ ऑफिसातल्या कुण्या गोऱ्याच्या लग्नाला ग्रीसला जाऊन नाचून आला होता. फोटो गावभर पाहिले गेले होते. "तिकडं नाचायले सुट्टी भेटली तुले?"

"ते वेगळं होतं, चंदे," तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला. "तिथं न जाणं बरं नाही दिसत."

रविवारी स्टेजशेजारी मोठा पडदा लागला, त्याच्याच हुकमावरून. पडद्यावर दाराएवढा नवीन, कोट घातलेला. मधेच तो कॉफी आणायला उठला आणि कोटाखालची चड्डी साऱ्या मांडवानं पाहिली. बायका पदरात तोंड खुपसून हसल्या.

कानपिळीची वेळ आली. "नवरीचा भाऊ कुठी आहे?" कुणीतरी हाक दिली.

"इथं आहो!" भोंग्यातून आवाज आला. "बाबा, मोबाइल जावईबापूच्या कानाले लावा. मी इथून पिळतो."

आणि बाबूलालनं खरंच लावला. पोरानं सांगितलेलं त्यांनी कधी मोडलं होतं? पडद्यावर नवीननं दोन बोटं हवेत फिरवली. शिवम बिचारा भला, त्यानं "आई गं" म्हटलं. मागून कुणीतरी खो खो हसलं. शिवमची आई शेजारणीला म्हणाली, "कान पिळायलेही माणूस नाही काय घरात?" तिचा आवाज हळू नव्हता. बाबूलालनं ऐकलं. तरी मोबाइल त्यांनी खाली घेतला नाही.

ते चंदाला पाहवेना. तिनं बापाचा हात बाजूला केला, शिवमचा कान धरला आणि असा पिळला की तो टाचा उचलून उभा राहिला. "मले नीट सांभाळजा," ती म्हणाली. "सांगायले मीच आहो."

मांडवात टाळ्या पडल्या. नेदरलँडात त्या जरा उशिरा पोचल्या. मग नवीनही टाळ्या वाजवू लागला. "वा चंदे! पाहा बाबा, अडलं काय माह्यावाचून काही?"

चंदा पडद्याकडे वळली. इतक्या दिवसांचं मनात साठलेलं तिनं एकाच वाक्यात घातलं.

"नाही, दादा. काहीच नाही अडलं."

लागावं म्हणूनच ती बोलली होती. लागलं का, ते ती त्या दाराएवढ्या चेहऱ्यावर शोधत राहिली. नवीनचे खांदे सैल पडले. सुट्टीचा अर्ज मंजूर झालेल्या माणसासारखं त्याचं तोंड खुललं.

"बरं झालं तूच बोलली," तो म्हणाला. "आता मायलेही समजावजो. दर रविवारी कवा येतं, कवा येतं, हेच लावते."

चंदाला रडू फुटलं. जवळच्या बाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "आत्ताच काहून रडतं वं पोरी? पाठवणीले टाइम आहे अजून."