दोन कुंड्यांमधला भुसा

बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात गेलं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी कचेरीत कारकून होतो. गावाखालून जुन्या काळची पाण्याची भुयारं जातात. हवा-उजेडासाठी त्यांवर जागोजागी विहिरीसारख्या कुंड्या आहेत. अशा एका भुयारावरून रस्ता न्यायचा होता. भुयार बंद असेल तर कुंड्या बुजवा, असं भोपाळहून आलेल्या साहेबांनी सांगितलं. दाखला मी लिहायचा होता, दुपारपर्यंत, हिंदीत.

भुयारं साफ करणाऱ्या लोटूची वस्ती खालच्या कुंडीचं पाणी प्यायची. साहेबांच्या मते ते साचलेलं पाणी होतं. लोटूने वरच्या कुंडीत ज्वारीचा भुसा टाकला आणि माझ्याशेजारी खालच्या कुंडीवर येऊन बसला. भुसा इथे आला की भुयार वाहतं, अशी लोटूच्या लोकांची परीक्षा.

बारा वाजले. भुसा आला नाही. आत चुना चढून वाट अरुंद झाली होती. लोटू म्हणाला, "पाणी म्हातारं झालं, बाबूजी. येईन, पण बसत-उठत येईन."

मग पाण्यावर तीन-चार कण दिसले. लोटू हसला. मला वाटलं, वाऱ्यानेही पडले असतील.

कचेरीत मी कण दिसल्याचं सांगितलं. साहेबांनी एवढंच विचारलं, "पक्का?"

कागदावर वाचलेलं असतं तर हो म्हणालो असतो. डोळ्यांनी पाहिलेलं पक्कं म्हणायला जीभ रेटेना. मी 'बंद' लिहिलं.

संध्याकाळी लोटू घरी आला. धोतराच्या सोग्यात ओला भुसा होता, चांगला मूठभर. मी साहेबांकडे जातो म्हणालो, बंगल्याच्या फाटकापर्यंत गेलोही. चपराशाने काम विचारलं. काही नाही म्हणालो आणि परतलो.

तिसऱ्या दिवशी दगड-मुरमाच्या गाड्या आल्या. झुडपांत कुंड्या नेमक्या कुठे, हे लोटूशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून दाखवायलाही त्यालाच नेलं. तो पुढे, गाड्या मागे, आणि मी कागद घेऊन सोबत. प्रत्येक कुंडीपाशी तो थांबायचा, पायाने पाला सारायचा आणि बाजूला व्हायचा.

चौथ्या कुंडीवर त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमी घरी जा, बाबूजी. ऊन लागीन."

मी गेलो.