मी गणकयंत्र आणि माझ्या दोन शिस्ती

मित्रांनो, अख्खी खोली अडवून बसणारा मी एक म्हातारा संगणक. आता गोदामात धूळ खात पडलो आहे. माझ्या उमेदीच्या काळात मला गणकयंत्र म्हणत. साठच्या दशकात मी बोटीने मद्रासला उतरलो आणि तिथून बेंगळूरला, मल्लेश्वरमजवळच्या एका संस्थेत आलो. साहेबांच्या खोलीत साधा पंखा, माझ्या खोलीत मात्र थंड हवा. मग माझी छाती फुगली तर नवल काय?

शहरातल्या रक्तदात्यांची नावे माझ्यापाशी असत. दवाखान्यातून फोन आला, की कोणत्या गटाचे रक्त कोण देईल हे मी सांगायचो. माझ्याकडून हे काम करून घेणे संस्थेतल्या क्षमाकडे होते. पण यंत्राला शिस्त लावणारी आज्ञावली लागते. तुम्ही तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणता. माझ्यासाठी अशा दोन होत्या. एक माझ्याबरोबर परदेशातून आलेली, गोगलगाईच्या चालीची. दुसरी क्षमाच्या थोरल्या भावाने, प्राणेशने, जीव ओतून इथेच लिहिलेली. कोणती ठेवायची हे क्षमाने ठरवायचे होते.

जुनी आज्ञावली नवी यादी वेगळ्या तबकडीवर लिही आणि ती पुरी झाल्यावरच आधीच्या यादीला हात लावी. प्राणेशची आज्ञावली मात्र जुनी नावे पुसत त्याच जागी नवी लिही, म्हणून काम झटपट उरके. तिच्यावर चालताना मला तरुण झाल्यासारखे वाटे.

तिची चाचणी चालू असताना आयुधपूजा आली. तुमच्याकडे तिला खंडेनवमी म्हणतात. संस्थेचे प्रमुख भीमाचार्य हळदकुंकू घेऊन आले. चालत्या यंत्राची पूजा कशी करायची, म्हणून त्यांनी भक्तिभावाने मुख्य खटका खाली केला. मी मध्येच थांबलो. जुनी नावे पुसली गेली होती, नवी लिहायची राहिली होती. कपाळावर कुंकू आणि पोट रिकामे, अशी माझी गत झाली.

नेमका त्याच आठवड्यात दवाखान्यातून फोन आला.

"आज सांगता येत नाही हो, दुसरीकडे बघा," क्षमा म्हणाली. रक्त मिळाले, पण फार धावाधाव करून.

भीमाचार्य भला माणूस. "चूक माझी. प्राणेशला बोल लावू नका," ते म्हणाले. "पूजा वर्षातून एकदाच असते."

प्राणेशने आशेने बहिणीकडे पाहिले.

"अण्णा, आपल्या गावात लाईट जायला पूजा लागत नाही," क्षमा म्हणाली. "तुझं लवकर होतं, सरी, मान्य. पण मध्येच थांबलं तर नावं राहायला हवीत."

तिने जुनी आज्ञावली निवडली. प्राणेश आपले कागद गुंडाळून निघून गेला. घरी त्याने तिच्याशी बोलणे टाकले, तिच्या पंगतीला बसणेही टाळले. ती रोज लाल डोळ्यांनी कामावर येई. मलाही वाईट वाटे, कारण वेगाची चटक मला लागली होती.

पुढच्या उन्हाळ्यात प्राणेश आला. कागदांचा नवा गठ्ठा त्याने तिच्या टेबलावर ठेवला.

"क्षमा, स्वल्प वाच. खोट काढ."

तिने सावकाश वाचले आणि एका ओळीवर बोट ठेवले. तो चिडला नाही. खुर्ची ओढून शेजारी बसला आणि त्याने पेन्सिल उचलली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसा, हळदकुंकू लावा, आम्हाला आवडते. पण आमच्यावर कुणाचा जीव सोपवण्याआधी एकदा विचारा, "बाबा रे, तू मध्येच बंद पडलास तर?" आणि असे विचारणारे माणूस तुमच्या घरात असेल, तर त्याच्याशी अबोला धरू नका.