उजव्या डोळ्याचं तळं

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लुशा पेरेपेल्किनच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली. घरी आल्यावर तिचं पहिलं लक्ष गेलं ते नवऱ्याच्या सदऱ्याकडे.

"हा नवा कधी आणलास?"

"कुठला नवा? तूच घेतलास, तीन वर्षं झाली," मिशा म्हणाला.

"मी सायीच्या रंगाचा घेतला होता. हा पांढराशुभ्र आहे."

मिशाने मान खाली घालून स्वतःच्याच सदऱ्याकडे पाहिलं. "पांढराच होता, बाई. पहिल्या दिवसापासून."

लुशाने एक डोळा झाकला, मग दुसरा. डाव्या डोळ्याने सदरा सायीचा, उजव्याने पांढरा. तिला गंमत वाटली. घरभर फिरून ती एकेक वस्तू तपासू लागली. फ्रिज, पडदे, खिडकीत वाळत घातलेला शेपू. अशी तपासत तपासत ती बाहेरच्या खोलीत गेली आणि तिथून ओरडली, "मिशा! अरे, हे काय झालं?"

मिशा धावत आला. लुशा भिंतीवरच्या फोटोसमोर उभी होती. फोटो हॅलोरन तळ्याचा, तिनेच काढलेला. मागे डोंगर, डोंगरावर उतरलेले ढग, खाली स्तब्ध पाणी. आणि सगळंच्या सगळं निळीत बुडवून काढल्यासारखं. पाणी निळं, ढग निळे, काठावरचे दगडसुद्धा निळे.

"हे असंच होतं?"

"असंच होतं," मिशा हळूच म्हणाला.

लुशा मटकन खुर्चीवर बसली. तिला असं बसलेलं मिशाने फारसं पाहिलं नव्हतं. गावातल्या औषधांच्या दुकानात फोटो धुण्याचं मशीन होतं, ते तिने सव्वीस वर्षं चालवलं होतं. कॅनडातल्या कूटनीच्या खोऱ्यातली लग्नं, बारशी, पहिल्या सायकली, सगळ्यांचे रंग तिच्या नजरेखालून गेलेले. नवरीच्या गालावर किंचित हिरवट झाक आली तरी ती कागद फाडून टाकायची आणि पुन्हा छापायची. "लुशाचा डोळा" म्हणजे गावात शेवटचा शब्द. मशीन बंद झालं, ती निवृत्त झाली, आणि मग स्वतःचा कॅमेरा घेऊन तळ्यावर जाऊ लागली. मागच्या चार वर्षांतले तिचे फोटो दातांच्या डॉक्टरांकडे लागले होते, पोस्टात लागले होते, होडीच्या धक्क्यावर लागले होते.

"डोळ्यावर पिवळी काच चढत होती," ती म्हणाली, "आणि मला पत्ता नाही. स्क्रीनवर पाणी मळकट दिसायचं म्हणून मी निळा वाढवत गेले. दर वर्षी थोडा आणखी. आणि तू? तुला दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?"

मिशा आत गेला, बोर्श्टचं सूप गरम करायला ठेवलं, वरून साय घातली, आणि दोन वाडगे टेबलावर आणून ठेवले. लुशाने चमचा उचलला नाही. मग तो बोलला.

"मला वाटलं, तू दुःखी आहेस."

"मी?"

"पोल्या गेली त्या वर्षापासून तुझे फोटो तसे व्हायला लागले. तुझी सख्खी बहीण. मी म्हटलं, बाई तोंडाने बोलत नाही, फोटोतून बोलतेय. त्यात मी काय सांगू, निळा कमी कर म्हणून?"

लुशा त्याच्याकडे बघतच राहिली. या चार वर्षांत मिशाने शनिवारचं मासेमारीला जाणं सोडलं होतं. ती कॉम्प्युटरवर बसली की हा शेजारी वर्तमानपत्र घेऊन बसायचा, आणि पान उलटायचा नाही. दर अर्ध्या तासाने चहा विचारायचा. ती मनात म्हणायची, म्हातारा चिकट झाला, याला करमेनासं झालंय. एकदा तर तिने त्याला तोंडावर सांगितलं होतं, जा ना जरा बाहेर, डोकं खाऊ नकोस.

"म्हणून तू बसायचास?"

"हो, मग."

"अरे देवा. मिशा, मला मोतीबिंदू होता!"

"ते आता कळलं ना," मिशा म्हणाला आणि त्याचंच त्याला हसू फुटलं. लुशाही हसली. हसता हसता तिच्या नव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, तसा तो घाबरून डॉक्टरांनी दिलेले थेंब शोधायला उठला. ती म्हणाली, "बस खाली. रडत नाहीये." मग म्हणाली, "पोल्याची आठवण येते, ते खरंच आहे. पण ती मला परसातल्या शेंगांच्या मांडवाखाली येते. तळ्यावर नाही."

बोर्श्ट निवलं होतं. दोघांनी ते तसंच खाल्लं.

आता प्रश्न होता वाचनालयाचा. वाचनालय सांभाळणाऱ्या थोराने वाचायच्या खोलीसाठी तळ्याचा मोठा फोटो मागितला होता, महिनाअखेरपर्यंत. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच्याही नंतर होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, नवा डोळा सुरुवातीला सगळं थोडं जास्तच निळं दाखवतो, लगेच भरवसा ठेवू नका. लुशा दोन आठवडे थांबली. मग एका सकाळी, उजाडायच्या बेताला, दोघं ट्रक घेऊन तळ्यावर गेली.

लार्चची झाडं पिवळी झाली होती. ढग खाली उतरलेले, डोंगराचं टोक दिसत नव्हतं. लुशाने ट्रायपॉड काठावर लावला, बघितलं, उचलला, दहा पावलं डावीकडे नेला. पुढे एक काळा ओला दगड हवा होता, त्याच्यामागे काठाचं वळण, वळण संपतं तिथे पाण्यात वाकलेलं वठलेलं झाड. पण दगडाचं टोक पलीकडच्या डोंगराच्या प्रतिबिंबाला चिकटत होतं. ती ट्रायपॉड उंच करून पाहू लागली, तर वळणच मोडलं. मग तिने ट्रायपॉडचे पाय आखूड केले, गुडघे टेकले, आणि कॅमेरा जवळजवळ पाण्याला लावला. दगड आणि प्रतिबिंब यांच्यात बोटभर उजळ पाणी सुटलं. आकाश तिने बरंचसं कापलं. नुसते ढगच होते, थोडे पुरे होते.

"मी कुठे उभा राहू?" मिशाने विचारलं.

"फोटोत नको, एवढंच."

मग तिने त्याच्या हातात एक राखाडी पुठ्ठा दिला. "हा धरून दगडापाशी उभा राहा. एक फोटो असा काढते. हा राखाडी म्हणजे राखाडीच, याच्यात माझ्या डोळ्याचं काही चालत नाही."

"मग आधी का नाही वापरलास?"

"मला काय गरज? लुशाचा डोळा ना!"

मिशा गालात हसत पुठ्ठा घेऊन उभा राहिला. नंतर वारा पडायची वाट बघण्यात पाऊण तास गेला. पाण्यावर बारीक शहारे येत होते, जात होते. दोघं ट्रकच्या पायरीवर बसून थर्मासमधला चहा प्यायली. कधीतरी वारा थांबला, तेव्हा लुशा कप ठेवून सावकाश चालत गेली आणि तिने चार वेळा बटण दाबलं.

घरी पुठ्ठ्यावरून तिने रंग नीट लावले. राखाडी बरोबर राखाडी झाला. आणि फोटो मेला. सगळं अचूक, पण दुपारी बाराला काढल्यासारखं, ओळखपत्रावरच्या चेहऱ्यासारखं. त्या वेळचा गारठा त्यात उरलाच नव्हता. डाव्या डोळ्याने बघितलं तर मळकं, उजव्याने बघितलं तर नागडं.

"मिशा, इकडे ये. पाणी कुठल्या रंगाचं होतं, सांग."

मिशाने लाकडाच्या गिरणीत तीस वर्षं करवतींना धार लावली होती. "धार लावून, तेलाच्या फडक्याने पुसलेली करवत असते ना? तसं. करडं, पण आत कुठेतरी निळं. दाताच्या कडेला."

"किती निळं?"

"थोडं. धार लावताना पातं जास्त तापलं की निळं पडतं. निळं पडलं की ते वाया गेलं."

लुशाने निळा फक्त पलीकडच्या काठाच्या सावल्यांत ठेवला, बाकी काढून घेतला. लार्चचा पिवळा फार ओरडत होता, त्याला खाली बसवलं. ढगांच्या पोटातला उजेड थोडा दाबला, दगडाच्या ओल्या कडेवर राहू दिला. मिशा दर वेळी म्हणायचा, "अजून तापलंय," आणि ती स्क्रीनवरची रंगाची पट्टी केसभर मागे घ्यायची. शेवटी तो काहीच बोलला नाही. तिने वळून पाहिलं, तर तो थोडा पुढे वाकून स्क्रीनकडे बघत होता, आणि त्याने स्वेटरच्या बाह्या खाली ओढून घेतल्या होत्या.

"बोल ना," ती म्हणाली.

"काय बोलू? थंडी वाजली."

तिने तिथेच काम थांबवलं.

थोराने वाचनालयात फोटोवर गुंडाळलेला कागद सोडला. "लुशामावशी, खरं सांगू? मला वाटलं होतं, तुमचं नेहमीचं निळं येईल. लोकांना ते फार आवडतं."

"ते निळं डॉक्टरांनी काढून टाकलं," लुशा म्हणाली आणि सगळी हकीकत सांगितली. थोरा टेबलाला धरून हसली. तरीही ती म्हणाली, "आठवडाभर भिंतीला नुसता टेकवून ठेवते. लोक काय म्हणतात बघू."

लुशाला वाईट वाटलं, पण ती हो म्हणाली. जुने फोटो फुकट बदलून द्यायला ती दातांच्या डॉक्टरांकडेही गेली होती. ते म्हणाले, मुळीच नाही, सुई टोचताना माणसं त्यातच बघत बसतात. पोस्टातल्या बाईने तर तिलाच समजावलं, इतकं काय मनाला लावून घेतेस.

चौथ्या दिवशी थोराचा फोन आला. होडीवरून निवृत्त झालेला एक म्हातारा खलाशी रोज वाचनालयात यायचा. तो फोटोसमोर उभा राहिला, खिडकीबाहेर बघितलं, पुन्हा फोटोत बघितलं, आणि म्हणाला, दुपारनंतर वारा सुटणार, आज कुणी पलीकडे जाऊ नका.

"मग सुटला का?" लुशाने विचारलं.

"कसला सुटतोय! कडक ऊन पडलंय इथे," थोरा म्हणाली. "पण मी भिंतीला खिळा ठोकून घेतला."